‘चूक की बरोबर’चे प्रकार मोजताना या चुका टाळा

दहा विधानं, प्रत्येकापुढे चूक की बरोबर ते लिहायचं. उत्तरपत्रिका किती प्रकारे भरता येईल? क्रमचय-संचयातला, म्हणजे मांडणीचे आणि निवडीचे प्रकार मोजण्याच्या गणितातला, हा सगळ्यात सोपा प्रश्न, आणि हक्काचे गुण घालवायची आवडती जागाही हीच.

पहिली चूक घाताच्या उलटापालटीची. २ चा १० वा घात म्हणजे १,०२४. लिहितात मात्र १० चा वर्ग, १००. काही महाभाग २ गुणिले १० करून मोकळे होतात. ‘पडताळा घ्या’ म्हटलं, की दोनच प्रश्नांवर घेतात आणि तिथेच फसतात, कारण दोनला तिन्ही रीतींनी ४ च येतात. चार प्रश्न घेतले तरी २ चा ४ था घात आणि ४ चा वर्ग, दोन्ही १६. म्हणून पडताळा तीनवर घ्यावा. तिथे ६, ९ आणि ८ अशी तिघांची फारकत होते. त्यातलं खरं कोणतं? मराठीच्या तासाला ‘यमाताराजभानसलगा’ घोकलंय ना? तीन अक्षरं, प्रत्येक लघु किंवा गुरू, आणि गण आठच. लघु-गुरूच्या जागी चूक-बरोबर ठेवा, झालं.

मला खरी चीड आहे ती दुसऱ्या चुकीची. आमच्या एका बॅचमध्ये एक चुणचुणीत मुलगा होता, प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारा. विचारलं, ‘न वाचता ठोकून दिलं तर दहापैकी किमान सात बरोबर यायची संभाव्यता किती?’ हा म्हणतो, ‘गुण ० ते १०, म्हणजे अकरा शक्यता. त्यातल्या चार आपल्या. चार छेद अकरा!’ अख्ख्या वर्गाने माना डोलावल्या. मी सगळ्यांना नाणी काढायला लावली. छापा आला तर बरोबर, काटा आला तर चूक. मग माझी उत्तरं वाचून दाखवली. त्याच्या हिशेबाने साठातल्या बावीसेक जणांनी सात गाठायला हवे होते. हात वर आले दहाच्या आसपास. यावर साहेब म्हणतात, ‘सर, नाणी झिजलेली आहेत.’

अकरा निकाल आहेत हे खरं, पण ते समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेचे, नाहीत. शून्य मिळवायचा प्रकार एकच, पाच मिळवायचे २५२. सातचे १२०, आठचे ४५, नऊचे १०, दहाचा १, बेरीज १७६. भागिले १,०२४, म्हणजे जेमतेम १७ टक्के. मी आजही मेरुप्रस्ताराची, म्हणजे पास्कलच्या त्रिकोणाची (वरच्या दोन शेजारी आकड्यांची बेरीज खाली लिहीत जायचा तो त्रिकोण), ० ते १० गुणांचे प्रकार देणारी ओळ समासात मांडतो आणि बेरीज १,०२४ आल्याशिवाय पुढे जात नाही. ‘दहा सेकंदांत उत्तर’वाल्या ट्रिका ज्यांना प्याऱ्या, त्यांनी खुशाल वापराव्यात.

बाकीच्या चुका किरकोळ. उत्तर कोरं सोडायची मुभा असेल तर पर्याय तीन, म्हणून ५९,०४९. ‘नेमकी पाच विधानं बरोबर आहेत’ असं आधीच सांगितलं असेल तर प्रकार २५२ च. निगेटिव्ह मार्किंगने गुण बदलतात, प्रकार नाही. आणि ‘किमान एक उत्तर बरोबर’ दिसलं की दहा बेरजा करत बसू नका, एकूणातून १ वजा करा: १,०२३.