साइडकिक मारला की व्हिलन मोठा होतो? जेसन टॉडबद्दल बोलताना या चुका टाळा

"जोकरने रॉबिनला मारलं आणि तिथून जोकर खरा डेंजर झाला." हे वाक्य व्हिडिओंमध्ये, पोस्टींमध्ये आणि नवीन पोरांच्या कॉमिक स्क्रिप्टमध्ये इतक्या वेळा बघितलंय की आता डोकं उठतं. स्वतःचा सुपरहिरो लिहिणारे तर याच वाक्याच्या जोरावर बिचाऱ्या साइडकिकचा बळी देऊन मोकळे होतात.

किरकोळ चुका आधी उरकतो. रॉबिन म्हणजे बॅटमॅनचा साइडकिक, हे नाव एकामागून एक वेगवेगळ्या पोरांनी घेतलंय, आणि जोकर बॅटमॅनचा सगळ्यात मोठा व्हिलन. मेला तो दुसरा रॉबिन, जेसन टॉड. पहिला डिक ग्रेसन, तो १९८४ मध्ये नाइटविंग नावाचा स्वतंत्र हिरो झाला, ठणठणीत आहे. जेसन मरतो ती कथा 'अ डेथ इन द फॅमिली' १९८८ ची आणि 'डेथ ऑफ द फॅमिली' २०१२-१३ ची, दुसरीत कुठलाच रॉबिन मरत नाही, तेव्हा थंबनेल टाकण्याआधी कव्हर नीट वाचा. आणि जोकर काही १९८८ पर्यंत साधाभोळा विदूषक नव्हता. १९४० च्या पहिल्याच अंकात तो माणसं मारत होता, मधली बरीच वर्षं त्याला गुळगुळीत केलं होतं, १९७३ मध्ये लेखक डेनी ओ'नील आणि चित्रकार नील अ‍ॅडम्स यांनी परत खुनी केला, आणि बार्बरा गॉर्डनला (बॅटगर्लला) त्याने गोळी घातली तीसुद्धा जेसनच्या आधीच.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, "फॅन्सना जेसन नको होता म्हणून फॅन्सनी त्याला मारला". थांबा जरा. बॅटमॅनच्या ४२७ व्या अंकात जोकर इथिओपियातल्या एका गोदामात जेसनला पहारीने बडवतो, आत बॉम्ब ठेवून जातो, स्फोट होतो, आणि मग वाचकांसाठी दोन फोन नंबर, एक वाचवायला एक मारायला, कॉलला ५० सेंट. मारायच्या बाजूने ५,३४३ कॉल, वाचवायच्या बाजूने ५,२७१. फरक ७२. आणि हे कॉल आहेत बरं का, माणसं नाहीत, खिशात पैसे असतील तर एकाच पठ्ठ्याने कितीही वेळा फोन फिरवावा. याला "फॅन्सचा कौल" म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. लेखक जिम स्टार्लिनला मुळात रॉबिन हा प्रकारच पटत नव्हता, ते मात्र कोणी सांगत नाही.

पण यातली खरी गंमत पुढे आहे आणि घाईत असलेले लोक नेमके तिथूनच पळतात. पुढच्या अंकाची दोन्ही व्हर्जन तयार होती. जेसन जिवंत सापडतो ते व्हर्जन बॅटमॅन छापणाऱ्या डीसी कंपनीने २०२३ मध्ये 'रॉबिन लिव्ह्ज' म्हणून छापलं पण. दोन्ही शेजारी ठेवून बघा. पहार तीच, बॉम्ब तोच, जोकरचं हसणं तेच. फोनवर ठरलं ते फक्त बॅटमॅनच्या हातात मढं येणार की जखमी पोरगा, एवढंच. म्हणजे जोकरच्या क्रौर्यात त्या ७२ कॉलनी काडीचा फरक पडला नाही, फरक पडला तो वेन मॅन्शनमध्ये, बॅटमॅनच्या घरात. जोकर तर पुढे इराणचा राजदूत बनून युनोत विषारी गॅस सोडायला जातो (हो, खरंच, आणि बॅटमॅनला आवरायला सुपरमॅन येतो), जेसन त्याच्यासाठी मागे पडलेला विषय.

हे मी एका पोराला समजावत होतो. त्याच्या स्क्रिप्टमध्ये साइडकिकची एन्ट्री तिसऱ्या पानावर, सातव्या पानावर तो खलास, मग दोन अख्खी पानं व्हिलन हसतोय. आणि पुढच्या अंकात हिरो गच्चीवर उभा राहून विनोद मारतोय! मी म्हटलं अरे, बाईकवर मागे कोण बसायचं, आता ती सीट रिकामी आहे, ते कुठंय? तर म्हणे "दादा, त्याने स्पीड कमी होतो, व्हिलनला अजून चार मर्डर देऊ का?" चार काय, चाळीस दे, वाचकाला पहिलाच लक्षात नाही. माझी सवय सांगतो, मरणाचा सीन मी सगळ्यात शेवटी लिहितो. आधी सहा महिन्यांनंतरचा सीन लिहायचा, घरात कोण कोणाशी बोलत नाही, कुठली खोली बंद आहे, हिरो कुठे उगाच जास्त मारतोय. तो सीन जमला नाही तर साइडकिक जगतो, विषय संपला. त्या पोराने माझं ऐकलं नाही, साइडकिकचा जुळा भाऊ आणला.

जेसनच्या बाबतीत हे काम केलं ते १९८९ च्या कथेत, जिथे पुढचा रॉबिन टिम ड्रेक येतो. बॅटमॅन बेफाम झालाय, स्वतःच्या जिवाची पर्वा न करता लढतोय, हे या पोराला लांबूनच दिसतं, आणि त्याला रॉबिनची गरज आहे असं तो सांगायला येतो. तरी टिमला लगेच स्वतःचा ड्रेस मिळत नाही, १९९० पर्यंत थांबावं लागतं. जोकर मोठा झाला तो इथे. बॅटमॅनच्या गुहेत जेसनचा ड्रेस ठेवलेली ती काचेची पेटी १९८८ नंतर सुचली असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो की फ्रँक मिलरने 'द डार्क नाइट रिटर्न्स' या वेगळ्या कथेत १९८६ मध्येच रॉबिनचा ड्रेस काचेत ठेवला होता, जेसन मुख्य मालिकेत उड्या मारत होता तेव्हा.

शेवटची चूक, मेलेल्याला परत आणायची घाई. "बकी (कॅप्टन अमेरिकाचा साइडकिक) आणि जेसन कधीच परत येत नाहीत" असं फॅन्स ठासून सांगायचे, २००५ मध्ये दोघेही परत आले. जेसन चालला कारण लेखक जड विनिकने त्याला रेड हूड केलं, जे १९५१ पासून जोकरचंच जुनं नाव, हातात पहार दिली आणि तोंडी एकच तक्रार दिली: मला वाचवलं नाहीस ते ठीक, पण जोकर अजून जिवंत का? याला बॅटमॅनकडे धड उत्तर नाही. बाकी जेसन जिवंत कसा झाला याचं २००६ चं कारण, सुपरबॉय-प्राइमने (दुसऱ्या विश्वातला सुपरबॉय) वास्तवाच्या भिंतीवर ठोसा मारला म्हणून, हे वाचून मी पुस्तक मिटून चहा करायला गेलो होतो. २०१० च्या 'अंडर द रेड हूड' या अ‍ॅनिमेशनपटात विनिकनेच ते काढून टाकलं आणि दोष थेट बॅटमॅनचा दुसरा शत्रू रास अल गूल याच्या पदरात घातला. पहिल्यांदाच बघणार असाल तर तोच बघा, कॉमिक नंतर.