पावसाचा ओपन डेटा वापरताय? मग या चुका टाळा

1901 पासूनचा देशभरातला रोजचा पाऊस, अक्षांश-रेखांशाच्या 0.25 अंशाच्या चौकटींमधे, हवामान खात्याच्या पुणे ऑफिसच्या साइटवर फुकट मिळतो, पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत तो वाचायला आयएमडीलिब नावाचं पॅकेजही आहे. एवढं सगळं हाताशी असताना प्रोजेक्ट अडकतात ते बहुतेक वेळा अ‍ॅनालिसिस सुरू व्हायच्या आधीच. आणि एरर आली तर बरं म्हणायचं, कारण खरा त्रास होतो तो एरर न येता चुकीचा आकडा येतो तेव्हा.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक तारखेची. माझे स्वतःचे तीन आठवडे यात गेलेत म्हणून जरा सविस्तर सांगते. हवामान खातं सकाळी 8:30 ला पाऊस मोजतं, म्हणजे 12 जुलैचा आकडा हा 11 च्या सकाळी साडेआठपासून 12 च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. आयमर्ग (नासाचा पावसाचा डेटा) वगैरे सॅटेलाइट डेटाचा दिवस मात्र यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, आपल्याकडे पहाटे 5:30 ला सुरू होतो. दोन्हीकडची 12 जुलै शेजारी ठेवली तर त्यात सामाईक तास किती? फक्त तीन! मी आपली 'सॅटेलाइटला घाटातला पाऊस कळतच नाही' असं धरून बसले होते, गाइडलाही तसंच सांगितलं, आणि नुसती एक दिवस मागची तारीख लावली तर 21 तास जुळतात हे नंतर कळलं. नीट करायचं असेल तर अर्ध्या तासाच्या 48 फाइल्स घ्या आणि 03:00 यूटीसी ते 03:00 यूटीसी बेरीज करा. कंटाळवाणं आहे पण कराच.

दुसरं म्हणजे रिकाम्या जागा. पावसाच्या फाइलमधे जिथे डेटा नाही तिथे -999 असतं, ते सापडतं, कारण सरासरी उणे आली की कुणीही दचकतं. तापमानाच्या फाइलमधे मात्र 99.9 असतं आणि ते फार वाईट फसवतं. किनाऱ्याजवळच्या नऊ चौकटी घेतल्या, आठ 32 अंशाच्या आणि एक समुद्रातली 99.9 ची, तर सरासरी येते साडेएकोणचाळीस. मे महिन्यात हा आकडा खरा वाटतो, कुणी शंकाही घेत नाही. फाइल उघडल्यावर पहिलं काम म्हणजे कमाल आणि किमान आकडा छापून बघा.

नकाशात कन्याकुमारी वर दिसतेय? डेटा बिघडलेला नाही, फाइल दक्षिणेकडून सुरू होते, फक्त चित्र उलटं करा. तिरके पट्टे दिसत असतील तर चौकटींच्या संख्येत 129 आणि 135 ची अदलाबदल झालीये, अक्षांशाच्या दिशेने 129, रेखांशाच्या दिशेने 135. आणि फाइल वाचलीच जात नसेल तर साइज बघा, साध्या वर्षाची पावसाची फाइल बरोब्बर 2,54,25,900 बाइट असायला हवी. कमी असेल तर डाऊनलोड अर्धवट झालंय. लीप वर्षाला एक दिवस जास्त, तिथे 365 लिहून ठेवलेला कोड 31 डिसेंबर गाळतो.

एक्सेलमधे उघडू नका, प्लीज. एका वर्षाच्या सगळ्या चौकटी ओळीओळीने लिहिल्या तर 63 लाखांच्या वर ओळी होतात, एक्सेल 10,48,576 ला थांबतं, म्हणजे तारखेप्रमाणे लावलेला डेटा 1 मार्चच्या आसपास संपतो. पावसाळा फाइलमधे आलाच नाही आणि वर सेव्ह केलं की गेला.

अजून एक, चौकट म्हणजे स्टेशन नव्हे. एक चौकट साधारण 27 किलोमीटरची, शिवाजीनगर नि पाषाण वेगळे दिसतील ही अपेक्षाच धरू नका.

जुना कोड चालवताना एनपी डॉट फ्लोटवर (np.float) एरर आली तर ते नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या पॅकेजमधून 1.24 व्हर्जनपासून काढून टाकलंय, नुसतं फ्लोट लिहा, सगळं पॅकेज मागच्या व्हर्जनला नेत बसू नका.

तुमचा कोड गिटहबवर, म्हणजे कोड शेअर करायच्या साइटवर, टाकणार असाल तर लायसन्सची फाइल टाका, ती नसेल तर कोड सगळ्यांना दिसतो पण कायद्याने वापरता कुणालाच येत नाही. झेनोडो या संशोधनाचा डेटा नि कोड जपणाऱ्या साइटवर ठेवलात तर डीओआयही (संदर्भ द्यायला कायमचा नंबर) मिळतो, आणि सोबत डेटा कुठल्या तारखेला डाऊनलोड केला ते लिहा, कारण जुन्या वर्षांच्या फाइल्सही मधेच सुधारून येऊ शकतात आणि मग दोघांचे आकडे का जुळत नाहीत हे शोधायला दुसरा काही धागाच उरत नाही.