बोल लागला की सफाई देण्याची सवय कशी सोडावी

वावरातून घरी आल्या आल्या बायको विचारते, "फवारनीचं औषध उधार आनलं, मले सांगतलं काऊन नाही?" उत्तर जिभेवर तयारच असतं: "तुले सांगून का होते? अन् तू बचत गटातून पैसे उचलले तवा?" प्रश्न उधारीचा, उत्तर बचत गटाचं. मुद्दा असा उलटवणं ही एक तऱ्हा झाली. कारणांची रास लावणं ही दुसरी. न बोलता पायात चपला घालून टपरीवर निघून जाणं ही तिसरी, आणि ती शांतपणासारखी दिसते म्हणून सगळ्यात उशिरा ओळखू येते. विश्वासी माणसाजवळ आणखी एक असते, वचन फेकून मारणं. "दोष काढू नका असं प्रभूनं सांगितलंय" हे वाक्य स्वतःवर बोट आलं की हमखास आठवतं.

पवित्र शास्त्रात दोन राजे असेच पकडले गेले. शत्रूची गुरंमेंढरंही राखू नको ही देवाची आज्ञा शौल राजानं मोडली. संदेष्टा शमुवेलानं जाब विचारला (१ शमुवेल १५), तेव्हा शौल आधी म्हणाला, मी आज्ञा पाळली. मग, मेंढरं लोकांनी ठेवली. मग, लोकांची भीती वाटली. पाप कबूल केल्यावरही त्याची शेवटची विनंती हीच होती, वडील मंडळींपुढे माझा मान राख. चार लोकांत इज्जत जाईल ही धास्ती गावात राहणाऱ्याला वेगळी सांगायला नको. दुसरा राजा दावीद याचा गुन्हा भयंकर होता (परस्त्रीशी व्यभिचार आणि तिच्या नवऱ्याचा घात), तरी नाथान संदेष्ट्यापुढे त्यानं एका वाक्यात पाप कबूल केलं (२ शमुवेल १२:१३). शिक्षा टळली म्हणून नव्हे. परिणाम त्याला भोगावेच लागले.

हे जमतं कशाच्या बळावर? रोमकरांस पत्र ८:३३ सांगतं की नीतिमान ठरवणारा देव आहे. आपलं वकीलपत्र ख्रिस्तानं घेतलं असेल, तर घरातल्या प्रत्येक प्रश्नाला कोर्टातल्यासारखं उत्तर द्यायची गरज उरत नाही. हे डोक्याला पटतं, पण कान तापले की विसरतं. म्हणून त्या क्षणी काय करायचं ते आधीच ठरवून ठेवावं.

पहिली खूण शरीरात दिसते: कान गरम होतात, जबडा आवळतो, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत आपलं सुरू होतं. तिथंच श्वास सावकाश बाहेर सोडा आणि मनात एवढंच म्हणा, "प्रभू, मला ऐकू दे." समोरच्याला पूर्ण बोलू द्या (याकोब १:१९). मग त्याचंच म्हणणं त्याला परत सांगा: "औषध आनलं अन् तुले सांगतलं नाही, याचं तुले वाईट वाटलं, असंच ना?" हे टोमण्याच्या सुरात निघालं तर सगळं बिघडतं, तेव्हा आवाज खाली ठेवा. त्यानंतर तक्रारीत जेवढं खरं आहे तेवढं एका वाक्यात मान्य करा. दहातलं एकच खरं असलं तरी ते एक. "सांगाले पाह्यजे होतं. नाही सांगतलं." आणि थांबा.

इथंच बहुतेकांचं चुकतं, कारण पुढचा शब्द "पण" येतो. "पण दुकानदार थांबला नसता" हे खरंही असेल. तरी ऐकणाऱ्याला फक्त तेवढंच ऐकू येतं आणि कबुली वाया जाते. कारण सांगायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी सांगा, तेही विचारलं तर. राग आवरतच नसेल तर "अर्ध्या तासानं बोलतो" असं सांगून उठा आणि खरंच परत या. वेळ न सांगता उठलात तर ती वर सांगितलेली तिसरी तऱ्हाच झाली.

रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं स्तोत्र १३९:२३-२४ वाचा. वहीत तीन गोष्टी लिहा: काय बोललं गेलं, मी काय उत्तर दिलं, मला काय गमवायची भीती वाटली. काही आठवड्यांत तीच भीती पुन्हा पुन्हा दिसू लागते: कर्ज, कपाशीचा उतारा, पोराची नोकरी, नाहीतर धर्मावरून पाहुण्यांचे टोमणे. त्या शेवटच्या बाबतीत गप्पच बसा असं कुणी सांगितलेलं नाही. पेत्र उत्तर द्यायलाच सांगतो, फक्त सौम्यतेनं (१ पेत्र ३:१५).

ज्याच्याशी बिनसलंय त्याच्याकडे प्रभुभोजनाच्या आधी जाऊन या. मत्तय ५:२३-२४ मधला क्रम तोच आहे. एकटे जा, चौकात नाही. तो लगेच विरघळेल असं धरू नका, आणखी चार शब्द सुनावेलही. "आता तरी मनातलं काढ" असा आग्रह म्हणजे पुन्हा स्वतःचीच सुटका मागणं.

स्वतःचा आंधळा कोपरा स्वतःला दिसत नाही. पाळकांना किंवा मंडळीतल्या जाणत्या भावाला (बायांनी बहिणीला) महिन्यातून एकदा विचारा, "मी कोणत्या विषयावर कोणाला बोलू देत नाही?" हा विषय घरसभेत प्रार्थनेची विनंती म्हणून मांडू नका, तो आठवड्यात गावभर होतो.

नमतं घेणं म्हणजे अन्याय गिळणं नव्हे. येशूला चापट मारली गेली तेव्हा त्यानं विचारलं, मी बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस (योहान १८:२३). दारू पिऊन मारहाण होत असेल तर वहीत आत्मपरीक्षण करत बसू नका, ११२ किंवा महिलांसाठी १८१ वर फोन करा. कर्जाच्या घोरानं झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. आणि सावकाराच्या वहीतला आकडा चुकीचा असेल तर पावत्या काढा, तारखा लावून ठेवा आणि आवाज न चढवता त्याच्यापुढे मांडा.