सोलर ड्रायरसाठी पीएमएफएमई अनुदान : या चुका टाळा

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत (पीएमएफएमई) प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये अनुदान आहे. कांदा, हळद, भाजीपाला सुकवण्याचं युनिटही त्यात बसतं. पण हा पैसा रोख हातात येत नाही, आणि बहुतेकांचं गणित इथेच फिसकटतं.

समजा, युनिट 12 लाखांचं आहे. स्वतःचे किमान 10 टक्के म्हणजे 1.20 लाख, बाकी 10.80 लाख कर्ज. अनुदानाचे 4.20 लाख बँकेत तुमच्या नावाच्या वेगळ्या खात्यात पडून राहतात. कर्जातल्या तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हा मोठा दिलासा. कर्जाची शेवटची उचल झाल्यापासून 3 वर्षांनी, खातं नियमित आणि युनिट चालू असेल, तरच ते कर्जात वळते होतात. म्हणून पहिल्या हंगामाचा कच्चा माल ‘सबसिडी आली की घेऊ’ असं ठरवू नका; खेळत्या भांडवलाची मागणी बँकेकडे वेगळी करा.

प्रकल्प अहवालात जमिनीची किंमत घालू नका, ती धरली जात नाही. आकडा फुगवण्यातही अर्थ नाही: साधारण 28.5 लाखांपुढे अनुदान वाढत नाही, हप्ता मात्र वाढतो.

सगळ्यात जास्त अहवाल आपटतात ते उत्पादनाच्या तक्त्यावर. वर्षाचे 300 दिवस पूर्ण क्षमता लिहिलेली असते. जून ते सप्टेंबर नुसत्या उन्हावरचा ड्रायर काय करणार? एकतर वीज किंवा बायोमासची जोड खर्चात दाखवा, नाहीतर ते महिने कमी धरा. उतारा, म्हणजे कच्च्या मालातून किती सुका माल निघतो, तोही खरा लिहा. 100 किलो कांद्यातून साल-देठ काढून सुकल्यावर 10 ते 12 किलो माल हाती लागतो. 20 किलो लिहिलंत तर कांद्यातला माणूस एका नजरेत ओळखतो.

मंजुरीआधी यंत्र घेऊ नका. आधीच चुकतं केलेलं बिल बँक सहसा कर्जात धरत नाही. कोटेशनवर मॉडेल, क्षमता, जीएसटी वेगवेगळं हवं. थ्री-फेज जोडणीचा खर्च बऱ्याचदा राहूनच जातो.

सिबिल अहवाल, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, अर्जाआधी काढा. जुन्या मोबाइल-कर्जाची थकबाकी तिथे निघते आणि फाइल अडते.

फाइल करून देतो म्हणून टक्केवारी मागणारे भेटतील. अर्ज आणि अहवालासाठी मदत करायला योजनेतच जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात; त्यांचं मानधन शासन देतं. अर्जदाराने त्यांना काही द्यायचं नसतं. त्यांची यादी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात मागा.