कपाटातली जुनी पुस्तकं पुन्हा विक्रीला आणायची असतील तर

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा माझ्या सहा कादंबऱ्यांच्या उरलेल्या प्रती तळमजल्यावरच्या खोलीत गठ्ठे बांधून ठेवलेल्या होत्या. पाणी ओसरलं तेव्हा नुसता लगदा हाती आला. प्रकाशकांकडे प्रती शिल्लक नव्हत्या आणि नवी आवृत्ती काढायचा त्यांचा विचारही नव्हता. वाचकांचे फोन मात्र यायचे, "ताई, तुमचं ते पुस्तक कुठे मिळेल हो?" त्या फोनांमुळेच मी ई-पुस्तकांच्या वाटेला लागले. आज सहाही कादंबऱ्या विक्रीला आहेत आणि त्यांचे पैसे खात्यात येतात. ज्यांची पुस्तकं अशीच आवृत्ती संपून पडली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी करार शोधा. फाइल, मुखपृष्ठ, किंमत हे सगळं नंतर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरते धरतात. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाची गोष्ट आली: करार झाला तेव्हा जे माध्यम नव्हतंच किंवा व्यापारात आलं नव्हतं, त्याचे हक्क करारात स्पष्ट नाव घेतल्याशिवाय जात नाहीत. माझे करार एकेका पानाचे, "एक आवृत्ती, ११०० प्रती" एवढंच म्हणणारे. तरीही मी प्रत्येक प्रकाशकाकडून पत्र घेतलं: "या पुस्तकाचे मुद्रित व डिजिटल सर्व हक्क लेखिकेकडे असून त्यास आमची हरकत नाही." एकाने तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. शेवटी वकिलाची नोटीस गेल्यावर आठवड्यात पत्र आलं. करार गुंतागुंतीचा असेल तर वकिलाला दाखवाच. आणि मुखपृष्ठावरच्या चित्राचे हक्क आपले असतीलच असं नाही, हे विसरू नका. मी चार मुखपृष्ठं पैसे देऊन नव्याने करून घेतली.

आता मजकूर. खरी मेहनत इथेच आहे. नव्वदच्या दशकातली बहुतेक मराठी पुस्तकं पेजमेकरमध्ये, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत जुळवलेली. ती फाइल युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणावी लागते. डीटीपी करणाऱ्याकडे सीडी असेल तर नशीब. नसेल तर पुस्तकाची पानं स्कॅन करून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. अक्षरं बऱ्यापैकी नीट ओळखली जातात.

पण त्यानंतर ओळ न् ओळ वाचायलाच हवी. माझ्या एका कादंबरीत नायिका सह्याद्रीच्या दऱ्यांत हरवते. रूपांतरात ती 'दर्यांत' हरवली, म्हणजे थेट समुद्रातच! दुसऱ्या पुस्तकात लग्नघरातल्या आचाऱ्यांचे 'आचार्य' झाले. र्‍यावरची ती आडवी खूण जाऊन तिथे रफार बसतो, आणि अर्थच बदलतो. 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेले शब्द वेगळे काढा: दुसऱ्या, बऱ्याच, पायऱ्या, शेतकऱ्यांना, कऱ्हाड, गुऱ्हाळ. सरसकट 'बदला' करू नका, नाहीतर 'सूर्या' आणि 'कार्याला' यांची वाट लागेल. मी एका पुस्तकाला तीन आठवडे दिले. मराठी वाचक चुका सहन करत नाही, आणि त्याने का कराव्यात?

ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, बनवायला सिजिल हा मोफत प्रोग्राम पुरतो. त्यात पुस्तकाची भाषा 'मराठी' अशी नोंदवा. भाषेप्रमाणे अक्षररूपं बदलणाऱ्या फॉन्टमध्ये मग 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दिसतात. विक्रीला ठेवण्याआधी किंडलवर पुस्तक कसं दिसेल ते दाखवणाऱ्या किंडल प्रीव्ह्यूअरमध्ये आणि एखाद्या साध्या फोनवर पूर्ण पुस्तक पाहून घ्या.

विकायचं कुठे? मी अ‍ॅमेझॉनच्या केडीपीवर (किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, म्हणजे लेखकाने स्वतःच ई-पुस्तक विक्रीला ठेवायची सेवा), गूगल प्ले बुक्सवर आणि पुण्याच्या बुकगंगा या पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर ठेवायचा विचार केला. केडीपीवर मानधन ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्ट या त्यांच्या योजनेत जावं लागतं, किंमत त्यांनी ठरवलेल्या मर्यादेत ठेवावी लागते, आणि ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही ठेवता येत नाही. छापील प्रती मात्र चालतात. सिलेक्टमधलं पुस्तक किंडल अनलिमिटेडमध्येही, म्हणजे वर्गणी भरून वाचायच्या योजनेतही, जातं आणि वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात. माझ्या रहस्यकथा लोक एका बैठकीत वाचतात, म्हणून त्या सिलेक्टमध्ये. दोन कौटुंबिक कादंबऱ्यांचा वाचक वेगळा, त्या मी सगळीकडे खुल्या ठेवल्या.

हिशेब असा: २०० रुपयांच्या छापील पुस्तकावर १० टक्क्यांनी २० रुपये मिळायचे, तेही प्रकाशकाच्या सवडीने. १०० रुपयांच्या ई-पुस्तकावर ७० टक्के धरले तर कर आणि फाइलच्या आकाराप्रमाणे लागणारा खर्च वजा जाऊनही त्याच्या दुपटीहून बरंच जास्त. म्हणून फाइलमध्ये जड चित्रं भरू नका.

सहा पुस्तकं एकदम टाकू नका. मी दर दीड-दोन महिन्यांनी एक टाकलं, आणि प्रत्येकाच्या शेवटच्या पानावर बाकीच्यांची नावं आणि दुवे दिले. एक आवडलं की वाचक दुसरं घेतो. दिवाळी अंकात कथा छापून आली तर परिचयात ई-पुस्तकांचा उल्लेख आवर्जून करा. मला सगळ्यांत जास्त वाचक तिथून आले. अमेरिकेतले मराठी वाचकही घेतात, त्यासाठी केडीपीवरचा कराचा फॉर्म पॅन क्रमांकासह नीट भरा. भारत-अमेरिका करारामुळे तिथल्या विक्रीवरची कपात ३० ऐवजी १५ टक्के होते.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, केडीपीच्या ई-पुस्तकाला लागत नाही. हवा असेल तर दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून ऑनलाइन, विनामूल्य मिळतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

केडीपीचे पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात, तेव्हा पहिल्या महिन्यात खातं बघून खचू नका. एक वही करा: पुस्तक, हक्काचं पत्र कुठे आहे, कुठल्या खात्यावर ठेवलं, सिलेक्टचे ९० दिवस कधी संपतात. कॉपीराइट आपल्यामागे ६० वर्षं राहतो. माझ्या मृत्युपत्रात या वहीचा उल्लेख आहे आणि ती लेकीच्या कपाटात असते.