फरशी बुडण्याआधी आणि ओसरल्यानंतर: आडवळणाच्या गावांनी या चुका टाळा

सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा-यावलपासून वर धडगाव-अक्कलकुव्यापर्यंत कुठल्याही पाड्यावर विचारा, पुरात सगळ्यात आधी काय जातं? उत्तर एकच मिळेल: फरशी. नाल्यावरचा तो बुटका पूल बुडाला की रुग्णवाहिका, रेशनचा टेम्पो, तलाठी आप्पा, वायरमन, सगळे पलीकडच्या काठावर. बातमीत तापीवरचा मोठा पूल दिसतो, पाड्याचा नाला दिसत नाही. त्यामुळे मदतही आधी डांबरी रस्त्यालगतच्या गावात पोहोचते. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या एका गोष्टीचा हिशेब न धरल्यामुळे होतात.

"आपल्याकडे तर ऊन पडलंय"

तापी उगम पावते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला. पूर्णा येते अकोला-बुलढाण्याचं पाणी घेऊन आणि चांगदेवजवळ तापीला मिळते. दोन्हींचं पाणी हतनूर धरणात येतं आणि तिथले 41 दरवाजे उघडले की जळगावपासून सारंगखेडा-प्रकाशापर्यंतच्या काठाला ते सोसावं लागतं. त्या दिवशी आपल्या शिवारात थेंबही पडलेला नसेल. आभाळाकडे बघून मोटार नदीत ठेवणारे, गुरं पात्रात चारणारे इथेच फसतात.

विसर्गाचा आकडा वाचतानाही एक घोळ होतो. धरणाच्या पत्रकात बऱ्याचदा क्युमेक (सेकंदाला घनमीटर) लिहिलेलं असतं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरता फिरता त्याचं क्युसेक (सेकंदाला घनफूट) होतं. एक क्युमेक म्हणजे साधारण 35 क्युसेक. "दोन हजारच सोडलंय, काही होत नाही" असं म्हणताना ते दोन हजार कुठले, हे आधी बघा.

डोंगरी नाल्यांची तऱ्हा निराळी. तिथे पत्रक नाही, भोंगा नाही. ऑगस्ट 2018 मध्ये नवापूर तालुक्यात रंगावलीला पूर आला, 31 ऑगस्ट 2021 ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्या शहरात घुसल्या, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. डोंगरात पडलेल्या पावसाला खाली यायला फार वेळ लागत नाही. पाणी एकाएकी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, वरून घरघर ऐकू आली, की पात्र सोडायचं. वरच्या पाड्यातल्या दोघा-तिघांचे नंबर खालच्या गावाच्या पोलीस पाटलाकडे असावेत. माझ्या मते कुठल्याही अ‍ॅपपेक्षा हा फोन जास्त कामाचा. अर्थात वर रेंज असेल तर. नसेल तर रेंज कुठल्या टेकडीवर येते आणि तिथे कोण धावत जाणार, हे पावसाआधी ठरवा.

नर्मदाकाठी पुन्हा वेगळं. सरदार सरोवराचं पाणी चढतं आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतं. तिथे बोट हाच रस्ता. 2019 च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात नर्मदेत जादा माणसं भरलेली बोट उलटून जीव गेले, तेव्हा पूर नव्हता. जॅकेट नसेल आणि बोट भरली असेल तर पुढच्या फेरीची वाट बघा.

फरशीवरून गाडी घालणं

यावर फार लिहायची गरज नाही. वाहतं पाणी घोट्याच्या वर गेलं की धडधाकट माणसाचा तोल जातो. फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगू लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. पाण्याखाली फरशी शाबूत आहे की मधला भाग गेलाय, हे काठावरून दिसत नाही. "मी रोज जातो भो" हे कारण नाल्याला कळत नाही.

मे महिन्यात व्हायची कामं जुलैत काढणं

अतिदुर्गम आदिवासी गावांसाठी नवसंजीवनी योजनेत पावसाळ्यापूर्वीच धान्य आणि औषधं पोहोचवण्याची तरतूद आहे. तुमचा पाडा तुटणाऱ्या गावांच्या यादीत आहे का, हे ग्रामसभेत विचारा आणि ठराव करून तहसीलला द्या. तोंडी सांगितलेलं पुढच्या साहेबाला माहीत नसतं.

पावसाळ्यात दिवस भरणाऱ्या बायकांची यादी आशाताईंकडे असते. ती यादी आणि फरशीचा नकाशा शेजारी ठेवून बघायचं काम मात्र कुणीच करत नाही. आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत माहेरघराची सोय आहे, बाळंतपणाच्या काही दिवस आधी तिथे जाऊन राहता येतं. कळा सुरू झाल्यावर बांबूची झोळी करून भरला नाला ओलांडण्यापेक्षा आठवडाभर आधी निघालेलं बरं. सासूबाई नाही म्हणतील, "आमची बाळंतपणं घरातच झाली" म्हणतील. त्यांनाही सोबत न्या.

गुरांच्या कानातला बिल्ला हे तिसरं काम. जून 2024 पासून राज्यात नियम आहे: टॅग नसलेलं जनावर नैसर्गिक आपत्तीत मेलं तर भरपाई नाही. केंद्राच्या 2022-23 ते 2025-26 च्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला 37,500, बैलाला 32,000 आणि शेळीला 4,000 रुपये आहेत. फुकट मिळणाऱ्या बिल्ल्यापायी एवढी रक्कम जाते. पशुवैद्यकीय दवाखान्यातला माणूस पाड्यावर येईना तर एका दिवशी सगळी गुरं खाली न्या, पण हे काम पावसाआधीच उरका. आणि पुराच्या रात्री गुरं दाव्याला बांधून ठेवू नका. मोकळं जनावर बहुतेक वेळा स्वतःची वाट काढतं.

कागदांबद्दल एकच. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा किंवा वनपट्टा, घराचा नमुना 8 (ग्रामपंचायतीतली घराची नोंद) हे सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि त्यांचे फोटो गावाबाहेर राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाच्या फोनमध्ये. आपला फोन घराबरोबरच भिजतो.

पाणी ओसरलं म्हणून धाब्याच्या घरात परतणं

खान्देशातली धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरं उन्हाळ्यात गार राहतात, म्हणून ती अजून टिकून आहेत. पण दरवर्षी पावसाआधी वरून खारी (छतावर पसरायची खारट माती) टाकत गेलं की छताचा थर जाड होत जातो. सलग पावसात ते धाबं पाणी पितं आणि खूप जड होतं. खाली मातीच्या भिंतीचा पाया पुराने भिजलेला. अशी घरं कित्येकदा पावसात उभी राहतात आणि उघडीप मिळाल्यावर, भिंत वाळायला लागल्यावर पडतात. तेव्हा माणसं आत झोपलेली असतात.

म्हणून पाणी गेल्यावर आधी बाहेरून फेरी मारा. भिंतीला नवीन चीर, फुगवटा, पायाजवळची वाहून गेलेली माती, खाली झुकलेला सर (छताचं आडवं लाकूड), दार अडकणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्या घरात रात्र काढू नका, शाळेत किंवा शेजारी झोपा. पुढच्या वर्षी नवी खारी टाकण्याआधी जुना थर खरवडून काढा.

मेन स्विच ओल्या हाताने पाडायला जाऊ नये, आणि बुडालेली मोटार वाळल्याशिवाय स्टार्टर दाबू नये. घाईत वाइंडिंग जळतं, आणि मग रिवाइंडिंगचा खर्च अंगावर येतो.

पंचनाम्याआधी सगळं झाडून-पुसून मोकळं होणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. घर चिखलाने भरलंय, लेकरं उघड्यावर आहेत, म्हणून लोक आल्या आल्या खराटा घेतात. तलाठी फरशी उघडल्यावर, म्हणजे चार-सहा दिवसांनी येतात. तोवर चिखल गेलेला, पडलेली भिंत रचलेली, मेलेली शेळी पुरलेली. पंचनाम्यात लिहायला काही उरतच नाही.

साफसफाई थांबवू नका, पण आधी फोटो काढा. लांबून एक, ज्यात शेजारचं घर किंवा मंदिर दिसेल. जवळून एक. भिंतीवर पाणी कुठवर चढलं ती रेघ कोळशाने ओढून तिच्याशेजारी घरातलं माणूस उभं करून एक. फोनमध्ये तारीख आणि ठिकाण दाखवणारा कॅमेरा असेल तर उत्तम. मेलेलं जनावर पुरण्याआधी त्याच्या कानातल्या बिल्ल्याचा आकडा वाचता येईल असा फोटो हवाच. सरपंच, पोलीस पाटील आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्यांचा साधा कागद करून ठेवा. तो सरकारी पंचनामा नव्हे, पण तलाठी आल्यावर त्याचा आधार होतो. माणूस दगावलं असेल तर कितीही जीवावर आलं तरी शवविच्छेदनाशिवाय अंत्यविधी उरकू नका. वारसांना मिळणारी 4 लाखांची मदत त्या कागदावाचून अडते.

आता घराचा शब्द. गुरांसाठी वर सांगितलेल्या केंद्राच्या त्याच निकषांत पूर्ण पडलेल्या घराला, ते पक्कं असो वा कच्चं, सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगरी भागात 1 लाख 30 हजार रुपये आहेत. झोपडीला 8,000. अंशतः पडलेल्या कच्च्या घराला 4,000, पक्क्याला 6,500, तेही नुकसान किमान 15 टक्के असेल तर. सातपुड्यातलं कुडाचं, मातीने लिंपलेलं, वर कौलं असलेलं तीन खणांचं घर घाईत "झोपडी" म्हणून लिहिलं गेलं की लाखाच्या वर रक्कम एका शब्दात गेली. पंचनाम्यावर अंगठा उठवण्याआधी तो मोठ्याने वाचून घ्या. गावात शिकलेली मुलं आहेत, त्यांना बोलवा. "कच्चे घर" की "झोपडी", "पूर्णतः" की "अंशतः", हे शब्द कानाने ऐका. चुकीचं वाटलं तर तिथेच सांगा. तिथे ऐकलं नाही तर तहसीलदारांच्या नावे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. घर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला लागलेलं नसेल तर ते अधिकृत मानलं जाईलच असं नाही, म्हणून ही नोंदही पावसाआधी तपासायची.

पिकाच्या बाबतीत लोक एका आकड्यापाशी हार मानतात: आपल्या महसूल मंडळात 65 मिलिमीटर पाऊस मोजला गेला नाही, म्हणजे अतिवृष्टी नाही, म्हणजे काही मिळणार नाही. पण पूर ही मदतीच्या यादीतली स्वतंत्र आपत्ती आहे. वरच्या पाण्याने नाला फिरून तुमची कपाशी गेली असेल तर पंचनाम्यात "नाल्याच्या पुरामुळे" असं स्पष्ट यायला हवं. पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा जास्त असावं लागतं. शेतात गाळ-वाळू साचली असेल किंवा माती खरडून गेली असेल तर ती पिकाहून वेगळी नोंद आहे, ती वेगळीच मागा.

वनपट्ट्याची जमीन कसणाऱ्यांनी पट्ट्याची प्रत जोडावी. 2006 च्या वनहक्क कायद्याने पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो, त्यामुळे नवरा गुजरातेत ऊसतोडीला किंवा मजुरीला गेला असला तरी बायकोला पंचनाम्यासमोर उभं राहता येतं.

आणखी एक गल्लत सरकारी मदत आणि पीक विमा यांची. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तलाठ्याचा पंचनामा झाला म्हणजे विमा मिळत नाही. 72 तासांत कंपनीला कळवा, हे सगळ्यांना पाठ झालंय. पण खरीप 2025 पासून राज्यातला पीक विमा पीक कापणी प्रयोगावर आणला गेला. तुमच्या हंगामाला कुठला नियम आहे, हे विमा भरतानाच सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना विचारून घ्या.

यादीत नाव आहे, पैसे नाहीत

पाहा कुठे अडलंय. पहिली जागा बँक: पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं तुम्ही दिलेल्या पासबुकाचंच असेल असं नाही. मजुरीच्या गावी उघडलेल्या एखाद्या जुन्या खात्यात रक्कम पडून असते. दुसरी जागा ई-केवायसी: तलाठ्याकडच्या यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन सेवा केंद्रात अंगठा द्यावा लागतो. ज्यांच्याकडे शेतकरी ओळख क्रमांक आहे त्यांना 2025 च्या अतिवृष्टीत यातून सूट मिळाली होती. तिसरी जागा नाव: आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं. चौथी, सामाईक खातं किंवा वारस नोंद न झालेला सातबारा. मेलेल्या आजोबांच्या नावावरच्या शेताची मदत नातवाला मिळत नाही, वारस फेरफार पावसाळ्याआधी करा.

विहिरीत अंदाजाने पावडर टाकणं

पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीत मूठभर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) फेकलं की झालं, असं समजतात. हिशेब असा: विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले 785, म्हणजे लिटर. 3 मीटर व्यास आणि 4 मीटर पाणी म्हणजे साधारण 28 हजार लिटर. चांगल्या पावडरीचे 1,000 लिटरला अडीच ग्रॅम धरले तर 70 ग्रॅम, पाणी गढूळ असेल तर दुप्पट. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं पाणी विहिरीत सोडून ढवळायचं आणि किमान तासभर थांबायचं. उघड्या पोत्यात वर्षभर पडलेल्या पावडरीत दम राहत नाही. जुलाब लागले तर ओआरएस. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

मदत घेऊन येणाऱ्यांसाठी

जळगाव-धुळ्याहून टेम्पो भरून निघणाऱ्या मंडळींनो, जुन्या साड्यांचे गठ्ठे आणि शिळी होणारी पुरी-भाजी आता पुरे. निघण्याआधी पाड्यातल्या एका माणसाला फोन करा आणि काय नको ते आधी विचारा. जाड ताडपत्री, दोर, बॅटरी, भांड्यांचा संच, मच्छरदाणी, बायकांसाठी पॅड, गुरांना कडबा, या गोष्टी क्वचितच कुणाला नको असतात. टेम्पो थांबतो त्या फाट्यावर वाटप उरकू नका. फाट्यावर फाट्याचीच माणसं असतात. पलीकडच्या पाड्यातली चार पोरं डोक्यावरून सामान न्यायला तयार असतात, त्यांची मजुरी द्या. वाटताना फोटोसाठी म्हातारीला दोनदा हात पुढे करायला लावू नका.

आणि सगळे एकाच आठवड्यात येऊ नका. पहिल्या आठवड्यात किराणा जास्त होतो, तिसऱ्या आठवड्यात कुणी फिरकत नाही. दादर (रब्बी ज्वारी) आणि हरभऱ्याच्या पेरणीच्या तोंडावर ज्याचं खरीप वाहून गेलं त्याच्याकडे बियाण्याला पैसे नसतात. सप्टेंबरच्या शेवटी बियाण्याची पोती घेऊन आलात तरी चालेल, तोवर फरशीही उघडी असते.