डग्ग्याचा घुमारा कुठे गेला?

ॲम्प्लिफायर चांगला, स्पीकर चांगले, तरी तबल्यातला डग्गा ऐकूच येईना. गायकाचा आवाजही समोरून न येता खोलीभर पसरल्यासारखा वाटे. बॅलन्सचं बटण पूर्ण एका बाजूला फिरवून एकच स्पीकर चालू ठेवला की मात्र खर्ज परत! यावरूनच कळलं: एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातोय आणि दोघांचा खर्ज एकमेकांना मारतोय.

भिंतीतून गेलेल्या वायरीचे दोन्ही पदर एकाच रंगाचे, प्लस कुठला ते ओळखू येईना. ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्याकडची टोकं सोडवली आणि १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल टेकवला, अगदी क्षणभर. वूफर, म्हणजे स्पीकरचा खर्जाचा मोठा पडदा, बाहेर आला, तर सेलच्या प्लसकडचा पदर स्पीकरच्या लाल (प्लस) टर्मिनलचा. तो ॲम्प्लिफायरच्याही लालवरच हवा. उजवीकडचा उलटा निघाला. पदर बदलले, लाल टेप गुंडाळली. डग्ग्याचा घुमारा परत आला, किती छान वाटलं!

स्पीकर निवडताना मी वॉटच्या आधी ओहम, म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा विरोध, पाहिले. ॲम्प्लिफायरवर किमान ६ ओहम लिहिलंय, म्हणून ८ ओहमचे घेतले. ४ ओहमचे जास्त करंट ओढतात, ॲम्प्लिफायर तापतो. वायर तांब्याची, १.५ चौरस मिमी. घरातल्या अंतराला भरपूर होते.